लघु सुवर्ण खाणकाम

मोठे भांडवल, यांत्रिक उत्खनन व प्रशिक्षित अभियंते यांच्याविना, व्यक्तींनी, कुटुंबांनी अथवा लहान टोळ्यांनी मुख्यतः अंगमेहनतीने व साध्या अवजारांनी सोने काढण्याच्या व्यवसायास लघु सुवर्ण खाणकाम म्हणतात. आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आशिया या खंडांतील सत्तरांहून अधिक देशांत हा व्यवसाय चालतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ मधील अंदाजानुसार त्यात १ ते १·५ कोटी लोक प्रत्यक्ष गुंतलेले होते व त्यांपैकी ४० ते ५० लाख स्त्रिया व मुले होती. जगातील सोन्याच्या वार्षिक उत्पादनाचा सु. पाचवा हिस्सा या मार्गाने येतो, असे सामान्यतः मानले जाते. हे काम करणारे बहुतेक लोक मूळचे शेतकरी किंवा शेतमजूर असून पुष्कळ ठिकाणी ते आजही वर्षाचा काही भाग शेतीच करतात. त्यामुळे या व्यवसायाचा विचार खाण-उद्योगाची एक शाखा म्हणून करण्यापेक्षा ग्रामीण जीवनाचे एक अंग म्हणून करणे अधिक सयुक्तिक ठरते.

नदीच्या वाळूतील सोन्याचे कण धुऊन काढण्याची कला प्राचीन आहे. पश्चिम आफ्रिकेतील बांबुक व बुरे या प्रदेशांतील गावकऱ्यांनी असे धुऊन काढलेले सोने मध्ययुगात सहारा वाळवंटापलीकडे जात असे. मालीचा सम्राट मन्सा मूसा याने १३२४ च्या मक्कायात्रेत कैरोमध्ये उधळलेले सोने याच प्रकारचे होते. आजच्या व्यवसायाचा विस्तार मात्र गेल्या चार-पाच दशकांतील आहे. दुष्काळ, शेतमालाच्या भावांतील घसरण, सरकारी नोकऱ्यांतील कपात आणि सोन्याची भाववाढ ही त्याची प्रमुख कारणे होत. २००१ मध्ये एका ट्रॉय औंसाला (सु. ३१·१ ग्रॅ.) ३०० डॉलरांहून कमी असलेला भाव २०११ मध्ये १,८०० डॉलरांपलीकडे गेला व २०२४ मध्ये २,५०० डॉलरांच्याही वर पोहोचला. भुईमूग, कापूस वा कोको यांच्या भावांत अशी वाढ शेतकऱ्याला क्वचितच अनुभवास येते.

सोने वेगळे करण्याची पद्धती : सोने नदीच्या गाळात सुट्या कणांच्या रूपात किंवा खडकातील क्वॉर्ट्‌झच्या (गारगोटीच्या) शिरांमध्ये विखुरलेले आढळते. गाळातील सोने उथळ परातीत घोळून अथवा जाड कापड अंथरलेल्या उतरत्या पन्हळीतून पाणी सोडून अलग करतात. शिरांतील धातुक (कच्च्या स्वरूपातील धातू) प्रथम फोडावे, दळावे व मग धुवावे लागते. धुऊन उरलेल्या जड चुऱ्यात सोन्याचे कण इतके बारीक असतात की, ते हाताने निवडणे शक्य नसते. म्हणून त्या चुऱ्यात पारा मिसळतात. पारा सोन्याला धरतो व त्यांचा लोण्यासारखा मऊ पारदमेल तयार होतो [⟶ पारा]. तो फडक्यातून पिळून जादा पारा काढून टाकतात. उरलेल्या गोळीत सोने व पारा साधारणपणे निम्मे-निम्मे असतात. ही गोळी आगीवर तापविली की, पारा (उकळबिंदू ३५७° से.) वाफ होऊन उडून जातो व सच्छिद्र सोने मागे राहते.

ही सर्व क्रिया एका दिवसात, एका माणसाला, स्वयंपाकाच्या चुलीवर करता येते. पाऱ्याचा वापर टिकून राहण्याचे खरे कारण यातच आहे. सकाळी खणलेल्या दगडाचे संध्याकाळी रोख पैसे होतात आणि माल अन्य कोणाच्या ताब्यात द्यावा लागत नाही. ज्याच्यापाशी उद्याच्या धान्यापुरतीही शिल्लक नाही त्याला ही सोय मोठी वाटते. अनेक ठिकाणी तर पारा चुऱ्याऐवजी थेट दळलेल्या सर्व धातुकातच ओततात. या पद्धतीत पारा अनेक पटींनी अधिक लागतो, दळताना त्याचे बारीक कण होऊन तो चिखलात वाहून जातो आणि सोने मात्र पुष्कळदा एक-तृतीयांशही हाती लागत नाही. राहिलेले सोने अवशिष्ट चुऱ्यात असते. बऱ्याच देशांत हा चुरा दळण्याच्या मोबदल्यात गिरणीमालक ठेवून घेतो व पुढे सायनाइडाच्या विद्रावात विरघळवून त्यातील सोने काढतो. खणणाऱ्याच्या वाट्याला थोडे सोने व बरेचसे विष आणि गिरणीमालकाच्या वाट्याला उरलेले सोने, अशी ही विभागणी आहे. पारायुक्त चुऱ्यावर सायनाइड टाकल्याने पाऱ्याची विद्राव्य संयुगे बनून तो पाण्यात अधिक सहजपणे पसरतो. यामुळे हानी दुणावते.

पाऱ्याचे परिणाम : संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ मध्ये केलेल्या मूल्यमापनानुसार, मानवी व्यवहारांतून २०१५ मध्ये सु. २,२२० टन पारा वातावरणात गेला. त्यांपैकी सु. ८३८ टन, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के, लघु सुवर्ण खाणकामातून गेला होता. कोळशाच्या ज्वलनासह अन्य कोणत्याही एका उगमाचा वाटा एवढा नाही.

श्वासावाटे आत गेलेल्या पाऱ्याच्या वाफेपैकी सु. ८० टक्के वाफ फुप्फुसांतून रक्तात शोषली जाते. ही वाफ रंगहीन व गंधहीन असल्याने धोक्याची सूचना मिळत नाही. दीर्घकालीन विषबाधेत हातांना कंप, झोपमोड, चिडचिड, विस्मरण, हिरड्यांची सूज व मूत्रपिंडाचे विकार ही लक्षणे दिसतात. गर्भवतीच्या रक्तातून पारा गर्भापर्यंत पोहोचतो. गोळी ज्या घरात तापविली जाते तेथील सर्व माणसे ही वाफ ओढतात. पाऱ्याला कधी हात न लावलेली म्हातारी माणसे व तान्ही मुलेही त्यातून सुटत नाहीत. बाजारपेठेच्या गावी सोने विकत घेणारा दुकानदार ते पुन्हा तापवून राहिलासाहिला पारा उडवितो, त्यामुळे त्याचे दुकान व शेजारची घरे यांतील हवाही दूषित होते.

पाण्यात उतरलेल्या पाऱ्याचे तळगाळातील सूक्ष्मजंतूंमुळे मिथिल पाऱ्यात रूपांतर होते व तो माशांच्या शरीरात साठत जातो. मोठा मासा लहान माशास खातो, तेव्हा हे प्रमाण पायरीपायरीने वाढते. १९५६ मध्ये जपानमधील मिनामाता येथे उघडकीस आलेला मज्जासंस्थेचा विकार याच संयुगाने झाला होता, मात्र तेथे त्याचा उगम रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यात होता. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील जे समाज मुख्यतः माशांवर जगतात त्यांना खाणीपासून दूर राहूनही ही बाधा होते. पेरू सरकारने २०१६ मध्ये माद्रे दे दिओस प्रांतात पाऱ्याच्या प्रदूषणामुळे आणीबाणी जाहीर केली होती.

पाऱ्याची चर्चा फार झाल्याने इतर व्याधींकडे दुर्लक्ष होते, हे येथे नमूद केले पाहिजे. गारगोटी कोरडी दळताना उडणाऱ्या सिलिकेच्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार जडतो व क्षयाचा धोका वाढतो. आधार न दिलेले खड्डे ढासळून, विशेषतः पावसाळ्यात, माणसे गाडली जातात. सोडून दिलेल्या खड्ड्यांत पाणी साचून डास वाढतात. एकाएकी वसलेल्या वस्त्यांत शौचकूप व पिण्याचे स्वच्छ पाणी नसल्याने पटकीसारख्या साथी पसरतात. पण अलीकडच्या काळातील सर्वांत भीषण घटना घडली ती शिशामुळे.

झाम्फारा येथील शिसे-विषबाधा : नायजेरियाच्या वायव्येकडील झाम्फारा राज्यात ज्वारी-बाजरी पिकविणारी व गुरे पाळणारी खेडी आहेत. तेथील डोंगराळ भागातील क्वॉर्ट्‌झच्या शिरांत सोने आहे. २००९ च्या सुमारास सोन्याचा भाव चढल्यावर गावोगावचे पुरुष दगड फोडून घरी आणू लागले. या काही शिरांत सोन्याबरोबर गॅलेना हे शिशाचे खनिज व त्याच्या अपक्षयाने (झिजेने) बनलेली शिशाची कार्बोनेटे विपुल होती. ही कार्बोनेटे जठरातील अम्लात सहज विरघळतात, म्हणून ती शरीरात अधिक शोषली जातात. तेथील रूढीप्रमाणे विवाहित स्त्रिया मातीच्या भिंतींनी वेढलेल्या वाड्याबाहेर सहसा पडत नाहीत. परिणामी, फोडणे, कुटणे व धुणे ही कामे वाड्यातच, स्त्रियांच्या हातून होऊ लागली. दळण्यासाठी धान्याच्या गिरण्यांसारखी यंत्रे वापरात आली. त्यांची धूळ अंगणावर, अंथरुणावर, भांड्यांवर व धान्यावर बसली. रांगणारे मूल मातीचे हात तोंडात घालते. शिवाय मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी सु. दहावा हिस्साच शोषला जातो, तर लहान मुलाच्या शरीरात हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. म्हणून शिशाचा सर्वाधिक आघात पाच वर्षांखालील मुलांवर झाला.

मुलांना उलट्या, पोटदुखी व आकडी येऊन ती दगावू लागली. अशी लक्षणे हिवतापातही दिसत असल्याने प्रथम संशय त्याच्यावर गेला. खाणकाम बंद होईल या भीतीने गावकरीही मोकळेपणाने बोलत नव्हते. मार्च २०१० मध्ये ‘सीमारहित डॉक्टर’ या वैद्यकीय संस्थेच्या पथकास बालमृत्यूंचे प्रमाण असाधारण असल्याचे आढळले. रक्ताचे नमुने तपासता कारण स्पष्ट झाले. त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये दारेता व यारगाल्मा या दोन गावांत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नायजेरियाच्या आरोग्य खात्यासह पाहणी केली. पाच वर्षांखालील ४६३ मुलांपैकी ११८ मुले आदल्या वर्षभरात मरण पावली होती, म्हणजे चारांत एकाहून अधिक. दगावलेल्यांपैकी ८२ टक्के मुलांना मृत्यूपूर्वी आकडी आली होती. जिवंत मुलांपैकी ज्यांचे रक्त तपासले त्यांतील ९७ टक्के मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक शिसे आढळले. औषधोपचार ताबडतोब सुरू करण्याची ती मर्यादा समजली जाते. झाम्फारातील एकूण बालमृत्यूंची संख्या किमान ४०० मानतात.

रक्तातील शिशाला बांधून ते लघवीवाटे बाहेर टाकणारे औषध उपलब्ध होते. तथापि, बरे झालेले मूल त्याच अंगणात परतले की, विषबाधा पुन्हा होई. म्हणून आधी माती बदलणे भाग होते. दूषित मातीचा वरचा थर कुदळ-फावड्यांनी खरवडून गावाबाहेर पुरावयाचा व त्या जागी स्वच्छ माती आणून पसरावयाची, अशी ही पद्धत होती. हे काम बव्हंशी स्थानिक मजुरांनीच केले. जून २०१० पासून दारेता व यारगाल्मा आणि २०११ च्या प्रारंभापर्यंत आणखी पाच गावे अशा रीतीने साफ झाली. आठवे व सर्वांत मोठे गाव बागेगा. तेथील कामासाठी सरकारी पैसा मिळण्यास दोन वर्षांहून अधिक काळ लागला व २०१३ मध्ये ते पुरे झाले. तोपर्यंत तेथील मुलांवरील पद्धतशीर उपचारही थांबून राहिले, कारण घराची माती तीच असताना औषध देण्यात अर्थ नव्हता. वाचलेल्या पुष्कळ मुलांच्या बुद्धीवर, दृष्टीवर वा हालचालींवर कायमचा परिणाम झाला. २०१५ मध्ये शेजारच्या नायजर राज्यात याच कारणाने २८ मुले मृत्यू पावली.

या घटनेचा आर्थिक अंगाने विचार करता एक गोष्ट ध्यानात येते. गावांनी खाणकाम सोडले नाही, व ते सोडतील अशी अपेक्षाही वास्तव नव्हती. ज्या वाड्यात मूल गेले त्याच वाड्याला खाणीच्या पैशातून बैल, पत्रे व मोटारसायकल मिळाली होती. अखेरीस उपयोगी पडले ते दळण्याची जागा गावाबाहेर नेणे, धातुक ओले करून दळणे, कामाचे कपडे बदलूनच घरी येणे, असे साधे उपाय. सशस्त्र टोळ्यांच्या उपद्रवामुळे नायजेरियाच्या केंद्र सरकारने एप्रिल २०१९ मध्ये झाम्फारातील खाणकामास सरसकट बंदी घातली. ती डिसेंबर २०२४ मध्ये उठविण्यात आली. मधल्या काळात सोने काढणे थांबले नव्हते. त्यावर देखरेख ठेवणे मात्र अधिक अवघड झाले.

ग्रामीण अर्थव्यवहार : खाणीतून रोख पैसा येतो, हे निर्विवाद आहे. माली व बुर्किना फासो येथे कोरड्या महिन्यांत खाणीवर जाऊन पावसाळ्यात शेतीवर परतण्याचा परिपाठ जुना आहे. त्या पैशातून खत, बियाणे व गुरे विकत घेतली जातात. मालीतील मांदे प्रदेशात खड्डे कोणी कोठे घ्यावेत, काम केव्हा बंद ठेवावे हे ‘तोंबोलोमा’ म्हणून ओळखले जाणारे पारंपरिक रखवालदार ठरवितात. जेथे असे नियमन टिकून आहे तेथे शेती व खाणकाम एकमेकांस पूरक ठरल्याचे दिसते.

तथापि, मिळकतीची वाटणी विषम असते. डिझेल, पाणी उपसण्याचा पंप, धान्य व पारा यांसाठी लागणारा पैसा सावकार वा सोन्याचा दलाल पुरवितो आणि त्याच्या बदल्यात निघालेले सोने त्यालाच, तो ठरवील त्या भावाने, द्यावे लागते. महाराष्ट्रातील ऊसतोडणी कामगारांना मुकादम देतो त्या उचलीशी या व्यवहाराचे साम्य आहे. शिर न सापडल्यास कर्ज मात्र उरते. पारा याच साखळीतून खाणीवर पोहोचत असल्याने तो सोडणे म्हणजे उचल देणाऱ्यास सोडणे, असा त्याचा अर्थ होतो. परवाना नसलेल्यास बँक कर्ज देत नाही व परवान्याचा खर्च व खेटे त्याला परवडत नाहीत. परिणामी, पाऱ्याविना अधिक सोने देणारी साधने ठाऊक असूनही ती विकत घेता येत नाहीत. खाणीच्या परिसरात धान्य व घरभाडे महागते. त्याचा भार खाणीत नसलेल्या कुटुंबांवर पडतो. मुले शाळा सोडून दगड वाहतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मते जगातील खाणींत व दगडखाणींत राबणाऱ्या मुलांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे.

घानातील स्थिती विशेष बोधप्रद आहे. तेथे या व्यवसायास ‘गालामसे’ म्हणतात. ‘गोळा करा व विका’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा तो अपभ्रंश होय. १९८९ च्या कायद्याने घानाने लघुखाणकामास मान्यता दिली व ते आपल्या नागरिकांपुरते राखून ठेवले. २०१० नंतरच्या काही वर्षांत देशातील सोन्याचा सु. एक-तृतीयांश भाग या मार्गाने येत होता. परंतु २००८ नंतर चीनच्या ग्वांगशी प्रांतातील शांगलिन भागातून हजारो लोक उत्खनन-यंत्रे घेऊन आले. कुदळीने वर्षभरात जेवढी जमीन उकरली जाई तेवढी आता थोड्या दिवसांत उकरली जाऊ लागली. २०१३ मध्ये त्यांपैकी अनेकांना देशाबाहेर काढण्यात आले, पण यंत्रे व ती पद्धत तेथेच राहिली. कोकोचे झाड लावल्यापासून फळे येण्यास तीन ते पाच वर्षे लागतात. शेतकरी एकदाच मिळणाऱ्या रकमेवर बाग विकतो आणि नंतर त्या जागी पाण्याने भरलेले खड्डे उरतात. प्रा, ओफिन, आंकोब्रा व बिरिम या नद्या मातीने भरून गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रा नदीवरील सेक्येरे हेमांग येथील जलशुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा सरासरी १४,००० एकके (एन्‌टीयू) असल्याचे पाणीपुरवठा कंपनीने जाहीर केले. ते केंद्र २,००० एककांपर्यंतच्या पाण्यासाठी बांधलेले होते. केप कोस्ट शहर व आसपासच्या गावांचा पाणीपुरवठा त्यामुळे विस्कळित झाला. २०१७ पासून तेथे लष्कराच्या मोहिमा झाल्या. त्यांत सापडले ते बहुधा खड्ड्यातील मजूर, यंत्रांचे मालक क्वचितच. २०२५ मध्ये सोन्याच्या खरेदी-विक्रीचे अधिकार ‘घाना गोल्ड बोर्ड’ या नव्या मंडळाकडे देण्यात आले.

नियंत्रणाचे उपाय : पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानमध्ये संमत झाला व १६ ऑगस्ट २०१७ पासून अंमलात आला. त्यात लघु सुवर्ण खाणकामातील पाऱ्यावर सरसकट बंदी नाही. सर्व धातुकात पारा ओतणे, पारदमेल उघड्यावर जाळणे, तो वस्तीत जाळणे व पारायुक्त चुऱ्यावर सायनाइड वापरणे या चार रीती बंद करावयाच्या असून हा व्यवसाय लक्षणीय प्रमाणात चालणाऱ्या देशांनी त्यासाठी राष्ट्रीय आराखडे करावयाचे आहेत. यूरोपीय संघाने २०११ पासून व अमेरिकेने २०१३ पासून पाऱ्याची निर्यात थांबविली. त्यानंतर इंडोनेशियात व मेक्सिकोत हिंगुळापासून पारा काढण्याचे स्थानिक धंदे वाढले.

तांत्रिक उपायांत बकपात्र (बंद पात्रातून वाफ थंड करून पारा परत मिळविण्याचे साधन) सर्वांत स्वस्त आहे. त्याने बहुतांश पारा परत मिळतो. तरीही त्याचा प्रसार मंद आहे. त्यात वेळ अधिक लागतो, सोन्याचा रंग काळपट येतो म्हणून दलाल भाव पाडतो आणि सोने नजरेआड तयार होत असल्याने भागीदारांत अविश्वास वाढतो. फिलिपीन्समधील बेंगेट प्रांतातील खाणकामगारांनी मात्र पारा टाळून, धुऊन शुद्ध केलेल्या चुऱ्यात टाकणखार मिसळून तो वितळविण्याची पद्धत तीस वर्षांहून अधिक काळ वापरली आहे. टाकणखाराने चुऱ्यातील खनिजांचा वितळबिंदू उतरतो व सोने तळाशी जमते. या पद्धतीला कौशल्य व चुरा अधिक काळजीपूर्वक धुण्याची गरज असते आणि ती सर्व प्रकारच्या धातुकांना लागू पडत नाही.

भारतातील स्थिती : भारतातील कोलार (२००१ मध्ये बंद) व हट्टी या खाणी मोठ्या प्रमाणावरील होत. लघुप्रमाणावर सोने धुण्याची परंपरा नद्यांकाठी आढळते. महानदी व तिच्या उपनद्यांची वाळू धुणाऱ्या सोनझरा जातीची नोंद मध्य प्रांतासंबंधीच्या जुन्या ग्रंथांत आहे. झारखंडमधील सुवर्णरेखा नदीकाठच्या खेड्यांत आजही काही कुटुंबे परातीने वाळू धुतात. महाराष्ट्रात सराफी पेठांतील केरकचरा व राख धुऊन सोन्या-चांदीचे कण काढणारे झारेकरी प्रसिद्ध आहेत. भारताने मिनामाता करारास जून २०१८ मध्ये मान्यता दिली.

सोन्याच्या सर्वांत मोठ्या ग्राहक-देशांत भारताची गणना होते. आफ्रिकेतील लघुखाणींचे बरेचसे सोने दुबईत पोहोचते. तेथे ते निरनिराळ्या ठिकाणच्या व जुन्या दागिन्यांच्या सोन्याबरोबर वितळविले जाते आणि लगडीच्या रूपाने अन्य देशांकडे जाते. संयुक्त अरब अमिरातींतून भारतातही सोने येते. एकदा वितळलेल्या लगडीवरून ते मूळ कोणत्या नदीचे वा कोणत्या गावाचे होते, हे सांगता येत नाही.

पहा : खाणकाम, पारा, शिसे, सोने.